'प्रतिकारशक्तीची कमतरता' आणि 'ऑटोइम्यून' : एकाच रुग्णाला दोन्ही शब्द कसे लागू पडतात?

रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचे मराठीकरण करणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. 'या रुग्णांत प्रतिकारशक्तीची कमतरता असते आणि त्यांना स्वयंप्रतिकार आजारही इतरांपेक्षा अधिक होतात' असे वाक्य त्यांनी लिहिले आणि मुद्रितशोधकांनी ते परस्परविरोधी म्हणून खोडले. ऑटोइम्यून आजारात, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारात, प्रतिकारशक्ती फाजील वाढलेली असते, तेव्हा ती एकाच माणसात कमीही आणि जास्तही कशी असेल, अशी त्यांची हरकत आहे. वाक्य चुकले की शब्द चुकला, आणि 'ऑटोइम्यून'साठी स्वयंप्रतिकार, आत्मप्रतिरक्षा व स्वप्रतिरक्षित यांपैकी काय घ्यावे, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

वाक्यातली माहिती बरोबर आहे. मुद्रितशोधकांनी मात्र समोरच्या मराठी शब्दाचा जो अर्थ निघतो तोच काढला, त्यामुळे त्यांनाही दोष देता येत नाही. अडचण 'शक्ती' या उत्तरपदाची आहे. मराठीत शक्ती कमी होते, वाढते, भरून येते. पचनशक्ती, स्मरणशक्ती, क्रयशक्ती या साऱ्यांची विहिरीतल्या पाण्यासारखी एक पातळी असते आणि ती वर-खाली होते. करोनाच्या साथीत काढ्यांपासून चघळायच्या गोळ्यांपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातींनी 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगितले, तेव्हा ही पातळी मनात आणखी पक्की झाली. एकदा पातळी मानली की तळाशी वारंवार होणारे संसर्ग आणि काठोकाठ भरल्यावर ऑटोइम्यून आजार, ही मांडणी ओघानेच येते. लॅटिनमधल्या मूळ 'इम्यूनिस' या विशेषणात, जाता जाता सांगायचे तर, शक्तीचा मागमूस नाही. सार्वजनिक कर्तव्यातून किंवा करातून ज्याला माफी मिळाली आहे तो इम्यूनिस.

प्रत्यक्षात शरीरात अशी एकच एक मोजण्याजोगी शक्ती नाही. अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी), त्यांच्या जोडीने काम करणारी रक्तातली पूरक प्रथिने (कॉम्प्लिमेंट) आणि या सर्वांमधले रासायनिक निरोप मिळून ही यंत्रणा होते, आणि तिला दोन कामे करावी लागतात. परक्याला ओळखून नष्ट करणे हे पहिले काम सर्वांना ठाऊक असते. आपल्याला ओळखून सोडून देणे हे दुसरे कामही तितकेच कष्टाचे आहे आणि ते आपोआप होत नाही. अस्थिमज्जेत नव्याने तयार होणाऱ्या बी पेशींपैकी, म्हणजे पुढे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी, निम्म्याहून अधिक पेशी शरीराच्याच कोणत्या ना कोणत्या घटकाला चिकटू शकतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी पेशींवरील संशोधनात आढळले. निरोगी माणसात अशा पेशी टप्प्याटप्प्याने बाद होतात, आपली ग्राहकप्रथिने (ज्यांनी त्या घटकांना चिकटतात ती) बदलतात किंवा निष्क्रिय होतात. ज्या रेणूंच्या आधाराने ही निवड होते त्यांतले बरेचसे रेणू जंतूंशी लढतानाही लागतात. साहजिकच एखाद्या जनुकातला एकच बिघाड दोन्ही कामे नासवू शकतो. जंतू सुटतात आणि घरचे मारले जातात.

माहितीपत्रकाचा विषय बहुधा कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी हा असावा, कारण वरील वाक्य त्या आजाराला नेमके लागू पडते. यात रक्तातील इम्युनोग्लोब्युलिने, म्हणजेच प्रतिपिंडे, घटतात आणि सायनस व फुफ्फुसांचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. तरीही साधारण पाव ते एक-तृतीयांश रुग्णांत कधी ना कधी ऑटोइम्यून आजार उद्भवतो. त्यात स्वतःच्या प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी नष्ट करणारी प्रतिपिंडे सर्वांत जास्त आढळतात. काही रुग्णांत तर प्लेटलेट घटण्याचा आजार आधी येतो आणि इम्युनोग्लोब्युलिनांची कमतरता नंतर उघडकीला येते. उपयोगी प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत आणि उपद्रवी प्रतिपिंडे मात्र तयार होतात, हे 'पातळी'च्या भाषेत सांगताच येत नाही.

या रुग्णांच्या उपचारात एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे केलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. डॉक्टर मंडळी त्याला सरळ 'आयव्हीआयजी' म्हणतात. कमतरता भरून काढण्यासाठी ते दर तीन-चार आठवड्यांनी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम या मात्रेत दिले जाते. तेच औषध प्लेटलेट नष्ट करणारा हल्ला थोपवण्यासाठी द्यायचे असले, तर एक-दोन दिवसांत, किंवा फार तर पाच दिवसांत विभागून, किलोमागे एक ते दोन ग्रॅम देतात. बाटली तीच असते. पहिल्या वापराचे वर्णन 'प्रतिकारशक्ती पुरवणे' असे आणि दुसऱ्याचे 'प्रतिकारशक्ती आवरणे' असे केले, तर नातेवाइकांचा गोंधळ उडणारच.

दोन्ही संज्ञा इतक्या फटकून का राहिल्या, याचे कारण त्यांच्या जन्मकथेत असावे असे मला वाटते. ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकन लष्करी बालरोगतज्ज्ञांनी १९५२ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याला न्युमोकॉकस या जिवाणूचे संसर्ग वारंवार होत होते आणि रक्ताच्या तपासणीत गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे ज्यात प्रतिपिंडे असतात तो, भागच दिसत नव्हता. ते टोचून दिल्यावर संसर्ग थांबले. वस्तू नव्हती, ती दिली, गुण आला. 'कमतरता' हा शब्द इथे चपखल बसतो. दुसरीकडे पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी असे मांडले होते की शरीर स्वतःवर उलटण्याचे टाळते. या टाळण्याला त्यांनी 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असे भारदस्त लॅटिन नाव दिले. डोनाथ आणि लँडस्टाइनर यांनी १९०४ मध्येच, थंडीने रक्तपेशी फुटणाऱ्या एका आजारात, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर उलटणारा घटक दाखवला होता. तरीही शरीर स्वतःवर उलटते ही कल्पना सर्वमान्य व्हायला १९५६ च्या आसपासचे थायरॉइडवरील संशोधन यावे लागले. एक संज्ञा संसर्गांशी झगडणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडून आली, दुसरी ग्रंथी व सांध्यांचे आजार पाहणाऱ्यांकडून. नाव ठेवताना एकाला दुसऱ्याचा विचार करण्याचे कारणच पडले नाही.

ब्रुटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात बी पेशी जवळजवळ नसतातच, आणि तिथे प्रतिपिंडांमुळे होणारे ऑटोइम्यून आजार तुलनेने कमी दिसतात. कॉमन व्हेरिएबलमध्ये बी पेशी बहुधा असतात, पण त्यांची घडण बिघडलेली असते, आणि तिथे असे आजार जास्त दिसतात. पूर्ण अभावापेक्षा अर्धवट कारभार अधिक घातक ठरतो असे म्हणण्याचा मोह होतो, पण पूरक प्रथिनांपैकी सी-वन-क्यूचे उदाहरण तो मोडून काढते. हे एकच प्रथिन जन्मतः अजिबात नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना ल्युपस हा ऑटोइम्यून आजार किंवा त्यासारखा आजार होतो. जंतूंना खूण लावणे हे या प्रथिनाचे एक काम, आणि मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला मदत करणे हे दुसरे. कचरा साचतो, पेशींच्या आतले पदार्थ उघडे पडतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. इथे न्यूनता हीच आत्मघाताचे कारण आहे.

फॉक्सपी-थ्री या जनुकाचा बिघाड याहून बोलका आहे. त्यात नियामक टी पेशी, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, नीट घडत नाहीत, आणि तान्ह्या मुलग्यांना सततचे जुलाब, इसब व टाइप-१ मधुमेह गाठतात. या पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. कमतरता इथेही आहेच, पण ती आवरणाऱ्यांची आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतील २,१८३ रुग्णांचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या २६.२ टक्के रुग्णांना किमान एक ऑटोइम्यून किंवा दाहजन्य आजार झालेला आढळला.

उलटी वाटही आहे, आणि ती मुद्रितशोधकांना आवर्जून दाखवावी. काही रुग्णांची प्रतिपिंडे शरीरातल्या रासायनिक निरोप्यांवरच उलटतात. एअर नावाच्या जनुकाच्या बिघाडात इंटरल्युकिन-१७ च्या गटातल्या निरोप्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि तोंडात कॅन्डिडाची बुरशी ठाण मांडते. कोविडच्या पहिल्याच वर्षी, २०२० मध्ये, जिवावर बेतलेल्या न्यूमोनियाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत टाइप-१ इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंविरुद्ध शरीराला सावध करणारे निरोपे, निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत ती एकातही नव्हती. पहिल्या गटातल्या त्या १०१ जणांना ऑटोइम्यून म्हणावे की प्रतिकार कमी पडलेले म्हणावे? दोन्ही म्हणावे लागते.

तज्ज्ञांनीही 'डेफिशियन्सी' हा शब्द अपुरा पडतो हे ओळखून अलीकडे या गटाला 'इनबॉर्न एरर्स ऑफ इम्युनिटी' म्हणायला सुरुवात केली आहे, आणि त्यांच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय यादीत असे ४८५ दोष आहेत. मराठीत 'प्रतिकारयंत्रणेचे जन्मजात दोष' हे त्याचे नाव मला योग्य वाटते. 'दोष' म्हटले की कमी-जास्तीचा तराजू बाजूला राहतो. 'प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी' या जुन्या नावातल्या 'प्रायमरी'साठी 'प्राथमिक' मात्र टाळावे. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक उपचार यांमुळे रुग्णाला आपला आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे असे वाटते. 'जन्मजात' हा शब्दही पूर्ण निर्धोक नाही, कारण कॉमन व्हेरिएबल बहुधा विशीनंतर लक्षात येतो. त्यामुळे 'जन्मजात असला तरी कित्येकदा तरुणपणी प्रकट होणारा' असा खुलासा एकदा करून ठेवावा.

आता 'ऑटोइम्यून'कडे वळू. 'स्वयंप्रतिकार' रूढ होऊ पाहत असला तरी तो मला पटत नाही. 'स्वयम्' हे अव्यय आहे आणि 'आपण होऊन, दुसऱ्याविना' हा त्याचा अर्थ मराठीत जिवंत आहे: स्वयंस्फूर्त, स्वयंचलित, स्वयंभू. स्वयंसेवक म्हणजे आपण होऊन सेवा करणारा. स्वतःची सेवा करणाऱ्याला कोणी स्वयंसेवक म्हणत नाही. स्वयंशिस्तीतही भर आहे तो शिस्त दुसऱ्याने लावलेली नाही यावर. त्या न्यायाने स्वयंप्रतिकार म्हणजे औषधाविना आपोआप होणारा प्रतिकार, आणि तो तर चांगलाच म्हणायचा! 'आत्मप्रतिरक्षा' आणखी उलटी पडते. प्रतिरक्षा म्हणजे संरक्षण, तेव्हा हा समास आत्मसंरक्षणाच्या शेजारी जाऊन बसतो. 'स्वप्रतिरक्षित' हा हिंदीतून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि 'स्वतःपासून संरक्षण मिळालेला' असा त्याचा अर्थ होऊ शकतो, जो वस्तुस्थितीच्या नेमका विरुद्ध आहे.

माझी निवड 'आत्मप्रतिकार' ही आहे. रोगाचा प्रतिकार तो रोगप्रतिकार, तसाच स्वतःचा प्रतिकार तो आत्मप्रतिकार. समास तोच आहे, फक्त पूर्वपद बदलते, आणि नेमके काय बिघडले ते त्या बदलातच दिसते. आत्महत्या, आत्मनिंदा, आत्मवंचना यांत 'आत्म' हे क्रियेचे कर्म आहे आणि मराठी कानाला ते सवयीचे आहे. 'आत्म' आध्यात्मिक वाटेल ही शंका कोणी काढली, तर आत्मचरित्र वाचताना ती येत नाही याची आठवण द्यावी. बोलताना डॉक्टर आणि रुग्ण 'ऑटोइम्यून'च म्हणणार. माहितीपत्रकात पहिल्या उल्लेखाला तो शब्द जोडीला ठेवावा.

मूळ वाक्य मी असे लिहीन: 'या रुग्णांची प्रतिकारयंत्रणा जंतूंना रोखण्यात कमी पडते, आणि त्याच बिघाडामुळे ती कित्येकदा शरीराच्या स्वतःच्या पेशींवरही उलटते; त्यामुळे त्यांना आत्मप्रतिकाराचे, म्हणजे ऑटोइम्यून, आजार इतरांपेक्षा अधिक होतात.' 'त्याच बिघाडामुळे' हे दोन शब्द गाळू नयेत. त्यांच्याविना दोन विधाने केवळ शेजारी ठेवल्यासारखी दिसतात, आणि कोणीतरी पुन्हा लाल रेघ मारील.

विशेषणरूपांत एक भेद पाळावा. प्रतिपिंडे स्वतः उलटतात, म्हणून ती 'आत्मप्रतिकारी प्रतिपिंडे'. आजार त्या क्रियेतून निपजतो, म्हणून तो 'आत्मप्रतिकारजन्य आजार'. सलग मजकुरात हे दुसरे रूप जड वाटले, तर 'आत्मप्रतिकाराचा आजार' अशी साधी षष्ठी वापरावी. मराठीला ती अधिक मानवते.