बस पण आणि आगीचा बंब पण, एकाच कारखान्यात?

प्रश्न : ग्रीसमध्ये एकच कंपनी बस आणि आगीचे बंब दोन्ही बनवायची म्हणे, खरंय का?

उत्तर : हो, खरंय. तिचं नाव एल्वो, कारखाना थेस्सालोनिकीजवळ सिंदोसला. सुरुवात झाली 1972 मध्ये, तेव्हा ती ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीची ग्रीक शाखा होती, नाव स्टायर हेलास, आणि ट्रक, ट्रॅक्टर वगैरे बनवायची. पुढे सरकारने ताब्यात घेतली आणि 1987 मध्ये एल्वो नाव पडलं, म्हणजे सरळ सरळ 'ग्रीक वाहन उद्योग', नावात काय कल्पकता नाही!

आता बस आणि बंब एकत्र कसे, तर चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन बाहेरचं घ्यायचं, वर बॉडी आपली चढवायची, मग सीट बसवा नाहीतर पाण्याची टाकी आणि पंप, पत्रा कापणारे वेल्डिंग करणारे हात तेच असतात ना. अथेन्सच्या रस्त्यावरच्या, वरच्या विजेच्या तारांवर चालणाऱ्या निओप्लान या जर्मन कंपनीच्या ट्रॉलीबस बनवण्यात पण एल्वोचा हात होता. पण खरा पैसा सैन्याच्या ऑर्डरीत, लिओनिदास नावाची चिलखती गाडी इथलीच. ऑर्डरी आटल्या तसं कर्ज वाढलं, आणि शेवटी 2021 मध्ये कंपनी इस्रायली गुंतवणूकदारांकडे गेली.