बीडीएसनंतर ठाण्यात राहून न्यायवैद्यक दंतशास्त्रात करिअर सुरू करता येईल का?

दातांवरून मृताची ओळख किंवा माणसाचे वय ठरवण्याचे हे शास्त्र. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत या विषयात एम.एस्सी. करता येते, दुसरी वाट ओरल पॅथॉलॉजीत (तोंडाच्या रोगांच्या शास्त्रात) एम.डी.एस. करण्याची, आणि मी तीच धरली. पदव्यांच्या वाटा या झाल्या. माझ्या मते मात्र या कामाची सुरुवात दवाखान्यातल्या कपाटापासून होते.

बीडीएस झाल्यावर मी नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे उमेदवारी करत होतो. दर दिवाळीच्या साफसफाईत ते जुने एक्स-रे आणि प्लास्टरचे साचे टाकून देत आणि मी हरकत घेतली की म्हणत, "ठेवायला जागा कुठे आहे? आपण दात दुरुस्त करतो, मढी ओळखत नाही." पुढे वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याला आग लागली आणि तीत त्यांचाच एक रुग्ण गेला. चेहरा ओळखण्यापलीकडे जळाला होता, पण खालच्या डाव्या पहिल्या दाढेवरची धातूची कॅप आणि मुळांतले भरण शाबूत होते. जुना एक्स-रे असता, तर मुळांचा बाक आणि भरणाची लांबी ताडून त्याच दिवशी मत देता आले असते. हवालदारासमोर मी केसपेपर उघडला. त्यावर 'कॅप १, बाकी ५००' एवढेच लिहिले होते. दाढ कोणती, बाजू कोणती, याचा पत्ता नव्हता. उधारी मात्र तारखेसह होती. मृताच्या भावाला अंत्यसंस्कारासाठी डीएनएच्या अहवालाची वाट पाहावी लागली.

तेव्हा आजपासूनच प्रत्येक रुग्णाचे दात एफडीआय क्रमांकांनिशी (दात कोणता आणि कोणत्या बाजूचा हे सांगणाऱ्या दोन आकड्यांनिशी) नोंदवा. वयनिश्चितीची डेमिर्जियन यांची १९७३ ची पद्धत शिका, पण ती खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूच्या सात दातांवर बेतलेली आहे आणि तीत अक्कलदाढ येत नाही, त्यामुळे केवळ तिच्या आधारे आरोपी अठराच्या अलीकडचा की पलीकडचा हे सांगणारा तज्ज्ञ उलटतपासणीत उघडा पडेल. चाव्याच्या खुणांवरून आरोपी ओळखण्याचे आकर्षणही आवरा. कातडी ताणली जाते, सुजते. ती मेणाची पट्टी नव्हे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालाने त्या पुराव्याच्या शास्त्रीय पायालाच आव्हान दिले आहे.

हे आधी सांगायला हवे होते : पूर्णवेळ नोकरीच्या जागा फार थोड्या आहेत आणि माझे घर आजही रूट कॅनालवरच चालते. राहता राहिला जागेचा प्रश्न, तर माझ्या साऱ्या रुग्णांचे एक्स-रे तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये मावले आहेत आणि ती दिवाळीतही जागची हलत नाही.