दुतोंड्याच्या कमरेपर्यंत

या महिन्यात मुलं घराबाहेर पडलेल्या आईवडिलांची पत्रं बरीच आली. तिघांची घेतली आहेत. पहिल्या पत्रावर मी जरा जास्तच रेंगाळले, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मी 51 वर्षांची. कॉलेज रोडला राहते. मुलगा तीन वर्षांपूर्वी बंगळूरला गेला, या जूनमध्ये मुलगीही पुण्याला नोकरीला लागली. घरात आम्ही दोघंच. हे सकाळी नऊला जातात, रात्री आठला येतात, जेवतात आणि मोबाइल बघत बघत झोपतात. मी मूळची हसरी. शाळेत बाई मला बाकावर उभं करायच्या ते हसण्यापायीच. आता शेवटचं मोठ्यानं कधी हसले ते आठवत नाही. मैत्रिणीनं बळंच हास्यक्लबात नेलं. हात वर करून हा हा, हो हो केलं आणि येताना रिक्षात रडले. रिक्षावाला म्हणाला, "काकू, घरी जायचंय की पोलीस स्टेशनला घेऊ?" या वयात विनोद आणायचा कुठून?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : अहो, आणायचा कुठून काय, पत्रात घालून पाठवलाय की तुम्ही! रिक्षावाल्याचं वाचून मी चहा सांडला. आता मला सांगा, हे तुम्ही यांना सांगितलंत का? पैज लावते, नाही सांगितलंत. पाकीट आणून, तिकीट लावून मला कळवलंत, पण शेजारच्या उशीवर पोचवलं नाहीत.

मुलगी घरात असती, तर चप्पल काढायच्या आत तिला सांगून झालं असतं. तिनं पोट धरून हसून भावाला फोन लावला असता, आणि पुढं वर्षभर घरात कुणीही कांदा चिरताना डोळे पुसले की "काकू, पोलीस स्टेशन?" चाललं असतं. गंमत घडते दोन मिनिटांत. ती मुरते पुन्हा पुन्हा सांगून, लोणच्यासारखी. तुमच्याकडे गमती अजून घडतायत, ऐकणारी मंडळी तेवढी पुण्या-बंगळूरला गेलीत.

हास्यक्लबाला मी नावं ठेवत नाही. डॉ. मदन कटारियांनी 1995 साली मुंबईतल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू केला, तेव्हा रोज विनोदच सांगायचे. पंधरवड्यात बरे विनोद संपले आणि उरले ते ऐकवेनात. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं, आणि तेच पुढं जगभर पसरलं. व्यायाम म्हणून झकास आहे, खुशाल जा. पण तुमचं हसू ज्या गोष्टीवर अडलंय, ती गोष्ट त्या बागेत मिळायची नाही.

आमच्याच घरातलं सांगते. माझं माहेर जुन्या नाशकातलं, तिवंध्याजवळचं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गल्लीत एकच चौकशी, "दुतोंड्या कुठवर?" बाहेरगावच्या वाचकांसाठी : रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दोन्हीकडे तोंड असलेला मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, यावर नाशिककर गंगेचा पूर मोजतो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्यावरून वाद घालू नये.) 2019 च्या ऑगस्टात तो पुरता पाण्याखाली गेला होता.

तर आमच्या पोरांनी हे माप मला लावलं. माझा आवाज चढला की थोरला धाकटीला खुणेनं विचारायचा, "दुतोंड्या?" ती ओट्याकडे डोकावून सांगायची, "कमरेपर्यंत. वाढतंय." गळ्याशी आलं की दोघंही न सांगता अभ्यासाला बसायची. मला हे कळलं तेव्हा थोरला बारावीत होता. त्या दिवशी मारुती बुडाला.

पुढं दोघंही गेली. आमचे हे प्रेसमधले, म्हणजे नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातले. जन्म नोटा मोजण्यात गेला, त्यामुळं बोलणंही मोजून. निवृत्तीनंतर जेल रोडच्या घरात आम्ही दोघं आणि एक टीव्ही, त्यात सगळ्यात कमी बोलणारे हेच. मला सवय चौघांच्या पोळ्यांची. परात घेतली की हात बारा पोळ्यांची कणीक काढूनच थांबायचा. त्या आठवड्यात लागोपाठ चौथ्या दिवशी फोडणीची पोळी झाली. यांनी ताटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पेपर उचलून तोंडासमोर धरला. मी ओट्याकडं तोंड करून, झालेली भांडीच पुन्हा घासत उभी. मागून पेपराआडून आवाज आला,

"दुतोंड्या?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"नाही, म्हटलं, पाणी कुठवर आलंय?"

इतकी वर्षं मला वाटायचं, पोरांची ही भानगड यांच्या गावीही नाही. हे पेपराआडून रोज मोजत होते! मी म्हटलं, "छातीला लागलंय." हे पाटबंधारे खात्याचे साहेब असल्यासारखे गंभीरपणे उठले. "मग गंगेवरचा रामसेतू पूल बंद करायला हवा," म्हणाले आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं. मी आत, फेसाच्या हातांनी. दोन मिनिटं गेली. मग दाराआडून, "विसर्ग किती क्युसेक?"

मी मोरीपाशी खाली बसून हसले. दार उघडून बघतात तर ही रडतेय की हसतेय, यांना कळेना. मलाही नीट कळत नव्हतं.

म्हणून सांगते, ऐकणारा घरातच आहे, मोबाइल बघत पडलाय. एकदम "चला, गप्पा मारू या" असं मात्र म्हणू नका. पुरुषमाणूस घाबरतो, काहीतरी चुकलंय किंवा काहीतरी घ्यायचंय, असंच त्याला वाटतं. आम्ही काय करतो, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जिथं दुधाचा खाडा लिहितो, त्याच चौकोनात त्या दिवशीची गंमत दोन शब्दांत टाकतो. जुलैच्या पानावर माझ्या हातचं आहे : "चष्मा, फ्रीज." मग "लिफ्ट, नमस्कार." (लिफ्ट उघडली, समोर ओळखीच्या वाटणाऱ्या एक बाई. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. मागच्या भिंतीला नवा आरसा बसवला होता.) तेरा तारखेला यांच्या अक्षरात : "गोळी, तिची." माझी कॅल्शियमची गोळी घेऊन हे दिवसभर सांगत फिरले की नव्या औषधानं रक्तदाब कसा पटकन ताळ्यावर आला. महिनाअखेरीस दुधाचा हिशेब करताना सगळं वाचायचं. या नादात खाडे मोजायचे राहतात आणि दूधवाल्याला जास्त पैसे जातात, पण करमणूक कर समजून देते मी.

आमच्या घरातल्या पंख्याचं प्रकरण मात्र थोडं वेगळं आहे. थंडीत निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो, बागाईतदार द्राक्षं वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि तेव्हा मी पहाटे दोनला पंखा पाचवर करायचे. हे कानटोपी घालून दोन गोधड्यांखाली. आम्ही त्यावर पुष्कळ हसलो, पण हसून भागलं नाही, डॉक्टरीणबाईंकडे जावंच लागलं. पाळी जाण्याचा काळ बहुतेकींना 45 ते 55 या वयात येतो. अंगातून वाफा निघणं, झोपमोड, कारण नसताना रडू फुटणं हे त्यातलंच असू शकतं. तुम्ही 51 च्या, तेव्हा रिक्षातल्या रडण्याचं सगळं खापर मुलीच्या नोकरीवर फोडू नका. एकदा दाखवून या, थायरॉइडही तपासून घ्या. आणि दोन आठवडे सलग उठावंसंच वाटत नसेल, जेवणाची वासना गेली असेल, तर माझं सदर वाचत बसू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठी मदत करणारा सरकारी क्रमांक आहे. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही चालतो.

रिक्षावाल्याची गोष्ट मात्र आज रात्रीच. पहिला घास घ्यायच्या आत.

प्रश्न : मी 56 वर्षांचा. दोन्ही मुलं बाहेर गेल्यावर घरात हलकंफुलकं वातावरण असावं म्हणून मी विनोद करतो, पण बायको चिडते. परवा पाहुण्यांसमोर सहज म्हणालो, "पिल्लं उडाली, आता घारीची नजर एकट्या माझ्यावर." दोन दिवस अबोला. एवढं काय मनावर घ्यायचं?
— एक वाचक, सिडको

उत्तर : पाहुणे हसले असतील. त्यांना संध्याकाळी आपापल्या घरी जायचं होतं.

भाऊ, पूर्वीही तुम्ही असंच बोलत असणार. तेव्हा मुलगा किंवा मुलगी मध्ये पडून म्हणत असेल, "बाबा, आधी स्वतःचं पोट बघा." हिशेब जागच्या जागी मिटायचा. आता वहिनींचे दोन्ही वकील परगावी, आणि तुमचं आपलं तारखेवर तारीख. माझं ऐका, सहा महिने फक्त स्वतःवर विनोद करा. सामग्री भरपूर असेल. केसांना कलप लावता का? मिशीला लावायचा राहतो का? सुरुवात तिथून करा. आणि घारीबद्दल माफी मागताना "पण तू तरी…" हे तीन शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

प्रश्न : लेक पुण्याहून महिन्यातून एकदा येते. जाताना मी डबे भरून देते, ती "नको नको" म्हणते. द्यावेत की नाही?
— एक आई, पंचवटी

उत्तर : "नको" म्हणत पिशवीचं तोंड उघडून धरत असेल, तर द्या. खरा प्रश्न पुढचाच आहे : डबे परत येतात का?

माझ्या लेकीकडं माझे अकरा डबे अडकलेत. चिवड्याचा, मेतकुटाचा, आईनं दिलेला पितळी, सगळे. झाकणं मात्र माझ्याकडं, कारण फराळ दाबून भरल्यावर ती लागत नाहीत आणि मी प्लॅस्टिकची पिशवी लावून रबर अडकवते. मागच्या महिन्यात म्हटलं, आता हा तंटा मिटवायचाच. अकराच्या अकरा झाकणं पिशवीत घातली आणि बसनं निघाले. लेकीचा सिन्नरला फोन, संगमनेरला फोन, नारायणगावला फोन, "आई, कुठवर आलीस?" चाकणच्या वाहतुकीत दीड तास गेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, पिशवीत एवढं काय खुळखुळतंय, तर त्यांनाही सगळी हकिगत सांगून झाली.

लेकीच्या ओट्यावर डबे मांडले, झाकणं लावायला घेतली. दोन बसली. उरलेली नऊ आमच्या शेजारणीच्या डब्यांची निघाली. लेक खाली बसून हसत होती आणि हसता हसता तिनं नाशिकला फोन लावला. पलीकडून यांनी एकच विचारलं, "दुतोंड्या?"