दहावीत गणित-इंग्रजी राहिलं, आता पुढं काय?

सप्रेम नमस्कार ताई,

मुलाला दहावीत गणितात 19 आणि इंग्रजीत 21 पडले, बाकीचे विषय सुटले. वडील म्हणतात आयटीआयला टाकू, मामा म्हणतात क्लास लावा. मुलगा कुणाशी धड बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

वर्ष वाया गेलेलं नाही. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. बारावीत जाण्याआधी ते सुटायला हवेत, एवढंच. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो, तारीख चुकवू नका.

क्लासची फी भरण्याआधी मात्र त्याला 816 भागिले 8 करायला द्या. उत्तर 102 ऐवजी 12 आलं, तर वर्गसमीकरणं घोकून काही हाती लागणार नाही. मधल्या 1 ला भाग जात नाही, तिथं शून्य मांडायचं असतं, हे खालच्या वर्गातच राहून गेलंय. रागावू नका. 2023 च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांपैकी 43.3 टक्क्यांनाच असा भागाकार जमला होता. वरच्या वर्गात ढकललेल्या मुलाला मागचं पुन्हा शिकवायला कुणी थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा रोज अर्धा तास भागाकार, मग अपूर्णांक, मग टक्केवारी. टक्केवारी पक्की झाली की दहावीच्या गणित भाग 1 मधली जीएसटीची गणितं सुटू लागतात. संभाव्यता, सांख्यिकी त्यानंतर घ्या.

इंग्रजीसाठी गाइडमधले निबंध पाठ करणं थांबवा. ई-बालभारतीवरून सहावीचं पुस्तक मोफत उतरवून घ्या. त्यानं रोज एक उतारा मोठ्यानं वाचावा आणि तुम्हाला मराठीत सांगावा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी शेजारी बसा. तो कुठं अडखळतो, ते ऐकूनच कळेल.

आयटीआय वाईट नाही. वेल्डर, वायरमन या ट्रेडना दहावी नापास मुलंही घेतात. इलेक्ट्रिशियन, फिटरला दहावी पास लागते. पण गणित टाळायला म्हणून तिकडं पाठवू नका, वर्कशॉप कॅल्क्युलेशन, म्हणजे कामाला लागणारं गणित, तिथंही आहेच.

मुलाला स्वतःला काय करावंसं वाटतं, ते पत्रात कुठं दिसलं नाही. पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा.