पीओपीच्या शोभेच्या वस्तू: सुरुवातीला एवढंच सांभाळा

एकदम भिंतीवरचा मोठा गणपती करायला घेऊ नका. सिलिकॉनचा तळहाताएवढा साचा आणा, फुलाचा किंवा पानाचा. त्यात हात बसला की बाकीचं आपोआप येतं.

खरी मेख कालवण्यात आहे. आधी पाणी घ्या, त्यात पावडर भुरभुरवा. पावडरीवर पाणी ओतलंत की गुठळ्या ठरलेल्या. एक वाटी पाण्याला साधारण दोन वाट्या पावडर. मिनिटभर भिजू द्या, मग सावकाश ढवळा. फेटलंत तर हवा शिरते आणि फुलाच्या पाकळीवर नेमकी भोकं पडतात. ओतल्यावर साचा टेबलावर हलकेच आपटा, बुडबुडे वर येतील.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- घट्ट व्हायला लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालणं. ते गेलं, टाकून द्या.
- कालच्या खरवडीसकट तेच भांडं वापरणं. नवं मिश्रण झटकन आवळतं.
- उरलेलं बेसिनमध्ये ओतणं. पाइप तुंबतो, मग प्लंबर शोधा.
- वस्तू हाताला गार लागत असतानाच रंगवणं. गार म्हणजे आत ओल आहे. पावसाळ्यात तर आठवडाही लागतो.

पावडर चाळताना मास्क लावा. आणि मुलांच्या हाताचा ठसा घ्यायचा म्हणून हात मिश्रणात बुडवू देऊ नका: पीओपी आवळताना चांगलंच तापतं, भाजतं.

पॉलिश, सोनेरी वर्ख वगैरे नंतर बघू. पहिलं फूल सुकलं की विचारा.