आइस हॉकीत नवीन टीम आली की जुन्या टीम्स कोणाला वाचवायचं आणि कोणाला सोडायचं हे नेमकं कसं ठरवतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की २०२३ ची स्टॅनले कपची (एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगची ट्रॉफी) फायनल बघताना कॉमेंटेटर सारखा म्हणत होता की वेगसचे मार्शसो आणि स्मिथ हे दोघं आधी फ्लोरिडाचेच होते, आणि फ्लोरिडाने त्यांना स्वतःच्या हाताने वेगसला दिलं, तर असं कोणी का करेल. खरंच झालंय तसं. त्या फायनलमध्ये वेगसने फ्लोरिडाला ४-१ हरवलं, शेवटची मॅच ९-३, कप जिंकवणारा गोल रायली स्मिथच्या नावावर आणि प्लेऑफ्सचा बेस्ट प्लेअर जॉनथन मार्शसो. मी टोरांटोच्या बाजूला ब्रॅम्प्टनमध्ये राहते, इथे आल्यावर मुलामुळे हॉकी बघायला लागले आणि आता त्याच्यापेक्षा जास्त मीच बघते, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मनापासून देते, जरा लांबेल.

आधी नियम, पटकन. लीगमध्ये नवीन टीम आली की ती रिकामी असते, मग प्रत्येक जुन्या टीमकडून तिने एक-एक खेळाडू उचलायचा. वेगसने २०१७ ला ३० टीम्सकडून ३० उचलले, सिॲटलने २०२१ ला तसेच ३० (वेगसला तेव्हा सूट होती). उचलण्याआधी जुन्या टीमला ठराविक नावं वाचवता येतात. एक तर ७ फॉरवर्ड, ३ डिफेन्समन आणि १ गोली (गोलकीपर), म्हणजे ११ जण, नाहीतर कुठल्याही पोझिशनचे ८ जण आणि १ गोली, म्हणजे ९ च. ज्यांचं प्रोफेशनल करिअर पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहे ते आपोआप सुरक्षित, त्यांना यादीत जागा द्यावी लागत नाही. आणि ज्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नो-मूव्हमेंट क्लॉज आहे, म्हणजे माझ्या परवानगीशिवाय मला हलवायचं नाही असं लिहून घेतलंय, त्यांना वाचवावंच लागतं, मग ते कितीही म्हातारे होवोत. वर अजून एक अट, पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट असलेले आणि पुरेशा मॅचेस खेळलेले दोन फॉरवर्ड आणि एक डिफेन्समन उघडे ठेवावेच लागतात, एक गोलीसुद्धा, म्हणजे नुसते भरतीचे खेळाडू दाखवून नवीन टीमला फसवता येत नाही.

आयपीएल बघत असाल तर पटकन लक्षात येईल. २०२२ ला लखनौ आणि गुजरात आल्या तेव्हा मुंबईला चारच ठेवता येत होते, त्यांनी रोहित, बुमराह, सूर्या आणि पोलार्ड ठेवले आणि हार्दिक गेला, गुजरातचा कॅप्टन झाला आणि पहिल्याच वर्षी ट्रॉफी घेऊन गेला. फरक एवढाच की तिथे न ठेवलेले सगळेच हातातून जातात आणि मग लिलावात परत घेता येतात, इथे मात्र कितीही जण उघडे ठेवा, जाणार एकच. आणि माझं सगळं म्हणणं या "एकच" वर आहे. टीम्स हे विसरतात. एक माणूस जाणारच आहे हे ज्यांनी पहिल्या दिवशी मान्य केलं त्यांचं फार काही बिघडलं नाही, आणि ज्यांनी तो एकही जाऊ नये म्हणून धडपड केली त्यांनीच स्वतःचं घर धुऊन दिलं.

ॲनाहाइमचं बघा. २०१७ ला त्यांच्याकडे डिफेन्समन चांगले चिकार होते पण जागा तीन. त्यातली एक केव्हिन बीक्साला गेली, ३६ वर्षांचा माणूस, पण क्लॉज होता, त्यामुळे त्याला वाचवणं भाग. लिंडहोम आणि फाउलर धरून तीन संपले. मग व्हातानेन आणि मॅन्सन उघडे पडले. आता शांतपणे विचार केला तर या दोघांतला एक गेला असता, वाईट वाटलं असतं, विषय संपला असता. पण त्यांनी वेगसशी बोलणी केली की तुम्ही आमचा क्लेटन स्टोनर घ्या, या दोघांना हात लावू नका, त्याबदल्यात आम्ही तुम्हाला शे थिओडोर देतो. थिओडोर तेव्हा २१ वर्षांचा. वेगसच्या डिफेन्सचा तो पुढे कणा झाला, कप जिंकला. आणि ज्या व्हातानेनला वाचवायला हे केलं त्याला ॲनाहाइमने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीला ट्रेड करून टाकलं!

कोलंबसने तर पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडतात त्यात, निवडायचा हक्क) दिला, दुसऱ्या राउंडचा दिला, सोबत डेव्हिड क्लार्कसनचं नकोसं झालेलं कॉन्ट्रॅक्ट पाठवलं, आणि हे सगळं वेगसने कोलंबसला हवे होते त्यांना सोडून विल्यम कार्लसनला न्यावं म्हणून. कार्लसनचे आदल्या सीझनला ६ गोल होते. वेगसमध्ये पहिल्याच सीझनला ४३. मिनेसोटाने डंबा आणि स्कँडेला वाचवायला ॲलेक्स टक हा तरुण फॉरवर्ड देऊन टाकला आणि शिवाय एरिक हॉला गेला तो गेलाच, त्याने तिकडे २९ गोल मारले. वेगसवाले पहिल्याच वर्षी फायनलला पोचले ते उगाच नाही, लोकांनी त्यांना एकाच्या जागी दोन-दोन खेळाडू आणून दिले होते.

आता तुमचं फ्लोरिडा. त्यांनी ८ वाली यादी निवडली, त्यात ४ डिफेन्समन आणि ४ च फॉरवर्ड, बार्कोव्ह, ह्युबर्डो, ट्रोचेक, ब्युगस्टॅड. मार्शसो बाहेर. हा मार्शसो त्या सीझनला ३० गोल मारून त्यांच्याच टीममध्ये सगळ्यात पुढे होता आणि पगार साडेसात लाख डॉलर, म्हणजे एनएचएलच्या हिशोबाने जवळपास फुकट. दुसरीकडे स्मिथचं पाच वर्षांचं नवीन कॉन्ट्रॅक्ट सुरू होणार होतं, वर्षाला ५० लाख डॉलरचं, आणि त्यांना ते ओझं वाटत होतं. मग सौदा असा झाला की वेगसने मार्शसो उचलावा आणि स्मिथलाही घ्यावं, बदल्यात फ्लोरिडाला चौथ्या राउंडचा एक पिक. चौथ्या डिफेन्समनच्या जागेवर वाचवला कोण, तर ॲलेक्स पेट्रोविक, जो दीड वर्षात दुसऱ्या टीममध्ये गेला. मला वाटतं त्यांना मार्शसोच्या ३० गोलांवर विश्वासच नव्हता, त्याआधी तो दोन-तीन टीम्स फिरून आलेला, उंचीने लहान, ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला, तेव्हा लोक म्हणतात एक सीझन लागून गेला असेल. ७-३-१ केलं असतं तर मार्शसो आणि स्मिथ दोघंही राहिले असते. फ्लोरिडाने नंतर २०२४ आणि २०२५ असे दोन कप जिंकले त्यामुळे आता तिथे कोणी फार बोलत नाही, पण २०१७ नंतरची काही वर्षं त्यांच्या फॅन्सना फार जड गेली असणार.

मग ८ वाली यादी चुकीचीच का? अजिबात नाही. नॅशव्हिलने २०१७ ला तीच वापरली कारण त्यांच्याकडे योसी, सुबान, एलिस, एकहोम असे चार डिफेन्समन होते ज्यातला एकही सोडण्यासारखा नव्हता. त्यात जेम्स नील गेला, चांगला गोल मारणारा माणूस, पण त्यांनी तो जाऊ दिला, वेगसच्या हातापाया पडले नाहीत, आणि पुढच्याच सीझनला ११७ पॉइंट्स घेऊन अख्ख्या लीगमध्ये पहिले आले. चौथा डिफेन्समन एकहोम असेल तर ८ ची यादी. पेट्रोविक असेल तर नाही.

हे म्हणणं सोपं आहे हे मला कळतं, कारण आमच्या टोरांटोने नेमकी हीच चूक केली आणि तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं. २०१७ ला लीफ्सना, म्हणजे टोरांटोच्या टीमला, काही त्रासच नव्हता, मॅथ्यूज, मार्नर, नीलँडर तिघेही नवे म्हणून आपोआप सुरक्षित, वेगसने ब्रेंडन लाइप्सिकला नेलं आणि कोणाला कळलंही नाही. २०२१ ला तीच पोरं मोठी झालेली, त्यांच्यासाठी जागा लागणार. मॅथ्यूज, मार्नर, नीलँडर आणि टव्हारेस, या चौघांचा पगार मिळूनच साधारण ४ कोटी डॉलर आणि अख्ख्या टीमची मर्यादा ८ कोटी १५ लाख. त्यामुळे बाकीचे स्वस्तात चांगले पाहिजेत. डिफेन्समध्ये राइली, ब्रोडी, मझिन आणि चौथा जस्टिन होल, २० लाखात दुसऱ्या जोडीत खेळणारा उजव्या हाताचा डिफेन्समन. तसा बाजारात घ्यायला गेलं तर दुप्पट पैसे मोजावे लागतात. म्हणून त्यांनी ८ वाली यादी केली, होल आत. आणि यादी द्यायच्या दिवशीच, १७ जुलैला, पिट्सबर्गकडून जॅरेड मॅककॅनला ट्रेड करून आणला आणि त्याला उघडाच ठेवला. हिशोब असा की आमचा आधीचा फॉरवर्ड कर्फूट आणि हा मॅककॅन, दोघं उघडे, सिॲटल एकाला नेईल, एक आपल्याला राहील.

त्या वेळी कोव्हिडमुळे आम्ही सगळे घरातच. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, त्याने विजेच्या बिलाच्या पाकिटामागे दोन कॉलम आखले होते, एकात ८ वाली यादी, एकात ७-३-१, आणि पेन्सिलने नावं लिहून-खोडून पाकीट नुसतं काळं केलेलं. ७-३-१ च्या कॉलममध्ये त्याने कर्फूट आणि मॅककॅन दोघं बसवले होते आणि होलच्या नावासमोर बाण काढून "सिॲटल" लिहिलं होतं. मी पोहे परतत होते. मी त्याला म्हटलं अरे डिफेन्समन मिळत नाहीत, फॉरवर्ड काय कुठेही मिळतो, होल ठेवायलाच पाहिजे. तो म्हणाला, आई, मॅककॅनने ४३ मॅचमध्ये १४ गोल मारलेत आणि तो २५ चा आहे, होल २९ चा. बुधवारी, २१ तारखेला, संध्याकाळी सिॲटलच्या पार्कमध्ये कार्यक्रम होता पण नावं सकाळपासूनच फुटायला लागली आणि दुपारच्या आत कळलं की मॅककॅन गेला. चार दिवस लीफ्सचा खेळाडू होता, एकही मॅच नाही. सिॲटलमध्ये पहिल्या वर्षी २७ गोल, दुसऱ्या वर्षी ४०. होल दोन वर्षं खेळला आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर डेट्रॉइटला गेला, कर्फूटही त्याच उन्हाळ्यात गेला.

तर माझ्या मते वय आणि कॉन्ट्रॅक्ट किती उरलंय हे आजच्या गरजेच्या आधी बघायला पाहिजे. २४-२६ चा खेळाडू जो दिलेल्या थोड्या मिनिटांत गोल करतोय त्याला जास्त मिनिटं मिळाली तर काय होईल, हा प्रश्न विचारायचा. कार्लसन, मार्शसो, हॉला, मॅककॅन, सगळ्यांचं हेच आहे, जुन्या टीममध्ये तिसऱ्या लाइनवर (लाइन म्हणजे एकत्र खेळणारे तीन फॉरवर्ड, पहिल्या लाइनला सगळ्यात जास्त वेळ) किंवा कधी वर कधी खाली, आणि नवीन टीमने पहिल्या-दुसऱ्या लाइनवर टाकलं की फुलले. तुम्ही ज्याला भरती समजता त्याला तिकडे हिरोचा रोल मिळणार आहे हे धरूनच चालायचं.

आणि अजून एक गोष्ट जी बाहेरून बघताना कळत नाही, उघडा ठेवणं म्हणजे घालवणं नव्हे. माँट्रियलने २०२१ ला केरी प्राइसला उघडा ठेवला तेव्हा इथे लोकांना धक्काच बसला, नुकतंच ज्याने टीमला फायनलपर्यंत नेलं तो गोली! पण त्याने स्वतः क्लॉज सोडला म्हणून जेक ॲलनला वाचवता आलं, आणि माँट्रियलने ओळखलं होतं की ३३ वर्षांच्या गोलीला २०२६ पर्यंत वर्षाला एक कोटी पाच लाख डॉलर नवीन टीम देणार नाही. नाहीच नेला. सेंट लुईसने टारासेंको उघडा ठेवला, खांद्याची ऑपरेशन्स झालेला आणि पगार मोठा, सिॲटलने त्याऐवजी विन्स डन हा तरुण डिफेन्समन नेला, आणि टारासेंकोने तिथेच राहून पुढच्या सीझनला ३४ गोल मारले. म्हणजे यादी करताना नुसतं आपल्याला कोण प्यारा ते बघून भागत नाही, समोरच्याच्या खुर्चीत बसून बघायचं की पैसे, वय, दुखापत धरून तो कोणाला नेईल. ज्याला तो नेणारच नाही त्याच्यावर जागा कशाला वाया घालवायची?

गोलीच्या बाबतीत मात्र मन घट्ट करावं लागतं कारण जागा एकच. पिट्सबर्गने फ्लरीला सोडलं, तीन कप जिंकलेला, शहराचा लाडका, त्याने क्लॉज सोडला आणि वेगसने त्यालाच घ्यावं म्हणून वर दुसऱ्या राउंडचा पिक दिला, का तर मॅट मरी २३ चा होता आणि लागोपाठ दोन कप जिंकून बसलेला. नंतर फ्लरी बरीच वर्षं उत्तम खेळला आणि मरी दुखापतींत अडकला, पण त्या दिवशी समोर जे दिसत होतं त्यावरून मीसुद्धा मरीलाच ठेवलं असतं, फक्त वर पिक दिला नसता.

तुम्ही शेवटी विचारलंय की मी लीफ्सच्या जागी असते तर काय केलं असतं. आज विचाराल तर ७-३-१, होल उघडा, सिॲटलला एका शब्दाने फोन नाही. त्या दिवशी विचारलं असतं तर होल ठेवला असता, आणि पाकिटावरचा दुसरा कॉलम बरोबर होता.