वीज कोळशाचीच असेल, तर राज्याने इलेक्ट्रिक गाड्यांना प्रोत्साहन द्यावं का?

हो, द्यावं. पण वाहतूक आणि वीज यांचं नियोजन एकत्र व्हायला हवं. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के वाहनं इलेक्ट्रिक असावीत, असं उद्दिष्ट होतं. दुसरीकडे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर, म्हणजे शेतपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, त्यावर चालवायचे आहेत. मला ही योजना फार मोलाची वाटते. पंपांचा भार दिवसा सौर विजेवर जातो आणि शेतकऱ्याला रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागत नाही.

अडचण वेळेची आहे. सौर वीज दुपारी मुबलक, तर गाड्या बहुतेक रात्री घरी किंवा डेपोत चार्ज होतात. म्हणजे तो भार पुन्हा चंद्रपूर-कोराडीसारख्या कोळशावरच्या औष्णिक केंद्रांवर येतो. म्हणून दुपारची वीज स्वस्त हवी, कार्यालयांच्या आवारात चार्जर हवेत आणि एसटीच्या डेपोंत दुपारच्या थांब्यात बस चार्ज करायची सोय हवी.

आणि पहिला पैसा बसवर खर्च व्हावा. एक भरलेली एसटी चाळीसेक माणसं नेते. तेवढ्याच माणसांच्या कार इलेक्ट्रिक असल्या, तरी पेट्रोलच्या कारइतकाच रस्ता अडवतात.